तरुण, धडधाकट माणसांचा बॅलन्स मोजायचा कसा?

प्रश्न: फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी २० ते ३० वयाच्या निरोगी लोकांचा बॅलन्स मोजतेय. बर्ग स्केल (उठणं-बसणं, वळणं अशा साध्या कामांना गुण देणारी बॅलन्सची टेस्ट) लावलं तर सगळ्यांना ५६ पैकी ५६ च येतायत, मग फरक कळणार कसा? फोर्स प्लेट (पायाखालचा जोर मोजून डोलणं नोंदवणारं यंत्र) कॉलेजात नाहीये.

उत्तर १: अगं बर्ग मुळात वयस्कर लोकांसाठी बनलंय, तरुण माणूस पैकीच्या पैकी घेणारच. टेस्ट अवघड कर. जाड फोमवर उभं करून डोळे मिटायला लाव, म्हणजे नजर पण गेली आणि तळपायाची जाणीव पण गडबडली, उरतो तो आतल्या कानाचा भरवसा, तिथेच लोक डोलायला लागतात. ३० सेकंद बघ. सोबत वाय बॅलन्स घे, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा पाय तीन दिशांना जमेल तितका लांब न्यायचा, पण ते अंतर पायाच्या लांबीने भागून टक्क्यात काढ, नाहीतर उंच माणसाला उगाच फायदा.

उत्तर २: वरचं पटलं, पण नुसतं उभं राहणं ही अर्धीच गोष्ट आहे. धक्का बसल्यावर माणूस सावरतो कसा ते पण बघ ना, हलका असेल तर घोट्यातून, जोराचा असेल तर कमरेतून, त्याहून जास्त झाला की पाऊल पडतंच. आणि पहिला धक्का वेगळा नोंदव, शरीर फार पटकन शिकतं, दुसऱ्या-तिसऱ्याला प्रतिक्रिया बदललेली असते. मागे एक जण उभा ठेवच, प्लीज.

प्रश्नकर्ती: खूप थँक्यू दोघांनाही! बूट काढूनच घ्यायचं ना?

उत्तर १: हो, सगळ्यांना अनवाणी.