विषय: डिसेंबरात पुणे, सायकल आणि कॅनॉल

प्रेषक: जर्मनटाउनची

नमस्कार मंडळी,

मेरीलँडच्या आपल्या मराठी मंडळाच्या ईमेल यादीवर फराळाची नोंदणी चालू आहे, त्यात मधेच घुसते आहे, अध्यक्षांनी रागावू नये. (आमच्या दोन डब्यांची नोंद केली आहे. चकली भाजणीचीच हवी, मैद्याची नको.)

डिसेंबरात तीन आठवडे पुण्यात आहोत. भाचीचं लग्न आहे. लग्नाचे चार दिवस सोडले तर बाकीचे दिवस नवरा सोफ्यावर आणि आई त्याच्या ताटात वाढत, हे दर खेपेचं ठरलेलं. यंदा त्याला सायकलवर बसवायचं मनात आहे. ऑक्टोबरात आम्ही कंबरलंडहून जॉर्जटाउनपर्यंत सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कॅनॉलचा टोपाथ, म्हणजे काठची वाट, सायकलनं केला. १८४.५ मैल, पाच दिवस. एकीकडे पोटोमॅक नदी, दुसरीकडे कॅनॉल, मधून आपण. पॉ पॉच्या बोगद्यात तीन हजार फूट अंधारात सायकली हातात धरून चालताना हा माणूस चक्क गाणं म्हणत होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्याचा आवाज असा आहे हे मला तिथं कळलं.

तर पुण्यात असं काही आहे का? नदीकाठ चालेल, कालवा चालेल. डांबर नको, गाड्या नकोत.


प्रेषक: फ्रेडरिकचा

"पुणे" आणि "गाड्या नकोत" हे दोन्ही एकाच मेलमध्ये? ताई, जेट लॅग जायच्या आधीच लागला वाटतं.


प्रेषक: कोथरूडकाका (माजी खजिनदार, सध्या मुक्काम पुणे)

अगं, सोफ्यावरून उठवायची जबाबदारी माझी. परत येऊन सहा वर्षं झाली तरी यादीतून नाव काढलेलं नाही, ते अशाच मेलसाठी. फ्रेडरिककरांनी हसून घ्यावं. त्यांनी शेवटची सायकल फर्ग्युसन रोडवर चालवली असेल, तीही डबलसीट.

आधी मुठा नदी निकालात काढतो. भिडे पूल ते म्हात्रे पूल, पात्रातला रस्ता तुम्हाला आठवत असेल. सकाळी साडेआठला तिथं जाऊन पाहा, दुचाक्यांचाच पूर आलेला असतो. खरा पूर पावसाळ्यात येतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल गेला पाण्याखाली. बंडगार्डनच्या अंगाला नदीकाठ बांधून काढायचं काम चाललंय. त्यावरून पुण्यात दोन तट पडलेत आणि मी दोन्हीकडे जेवतो, म्हणून इथं गप्प बसतो. प्रभात रोडच्या मागचा कॅनॉल रोड नावापुरता कॅनॉल. तिथं आता मोटारी पार्क करायला जागा शोधतात.

आता खरा कॅनॉल. खडकवासल्याचं धरण इंग्रजांनी १८७० च्या दशकात बांधलं. फाइफ नावाचा लष्करी इंजिनिअर होता, त्याच्या नावावरून तळ्याला लेक फाइफ म्हणत. मुठा उजवा कालवा त्याच धरणाचा. लष्कराला पाणी हवं होतं आणि पूर्वेकडे दुष्काळी पट्टा होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फोडलं. पुढे धरण पुन्हा उभं राहिलं आणि नवा उजवा कालवा झाला, तो २०२ किलोमीटर, थेट इंदापूरपर्यंत. गंमत बघ, त्याच १९६१ च्या जानेवारीत तुमच्या सी अँड ओला आयझेनहॉवरनं राष्ट्रीय स्मारक केलं. एकाच वर्षी एक कालवा स्मारक झाला आणि दुसऱ्याचं धरण वाहून गेलं.

इथंच सगळी मेख आहे, म्हणून जरा लांबण लावतो. टोपाथ मी तीनदा केलाय आणि आमच्या कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यावर आठवड्यातून दोनदा असतो. फोटोत बघशील तर सख्ख्या बहिणी वाटतील. पाणी, भराव, झाडं, मातीची वाट. पण तुमचा कालवा निवृत्त आहे आणि आमचा अजून नोकरीत आहे. सी अँड ओची वाट खेचरांसाठी, बोटी ओढायला. बांधकामाचा मुहूर्त ४ जुलै १८२८. त्याच दिवशी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचाही. रेल्वे कंबरलंडला १८४२ मध्ये पोचली, कालवा १८५० मध्ये. आठ वर्षं उशीर! पुणे मेट्रोवर बोलताना एवढं लक्षात ठेवा. १९२४ च्या पुरानंतर बोटी कायमच्या थांबल्या, खेचरं गेली आणि वाट रिकामी पडली. त्यावर मोटाररस्ता करायचं घाटत होतं. वॉशिंग्टन पोस्टनं अग्रलेख लिहून पाठिंबाही दिला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना म्हटलं, या, माझ्याबरोबर चालून बघा. मार्च १९५४. निघाले अठ्ठावन्न, शेवटपर्यंत पोचले नऊ. पण रस्ता झाला नाही आणि १९७१ मध्ये त्याचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. बिनकामाच्या कालव्याची वाट लोकांना देता येते.

आमच्या वाटेवर पाटकऱ्याची (कालव्याचं पाणी सांभाळणाऱ्याची) मोटारसायकल जाते, उसाची ट्रॉली जाते, म्हशी जातात. आवर्तन (शेतीला पाणी सोडायची पाळी) चालू असताना कॅनॉल काठोकाठ भरलेला असतो आणि तू ज्या भरावावर सायकल चालवतेस, त्याच भरावानं ते सगळं पाणी धरून ठेवलेलं असतं. वाट आपली नाही, आपल्याला चालवून घेतलंय, असं धरून चालायचं. जागा जलसंपदा खात्याची. जिथं आत जाऊ नका अशी पाटी असेल, तिथं खरंच जाऊ नका.

शहरातला भाग (पर्वती, स्वारगेट, हडपसर) सोडून द्या. लोणी काळभोरच्या पुढे, उरुळी कांचनपासून यवतकडे, तिथून सुरुवात करा. कॅनॉल सोलापूर रस्त्याच्या आसपासच राहतो, पण हॉर्न ऐकू येत नाही एवढा लांब. आणि चढ नाही! सी अँड ओ बोटींसाठी होता, त्याला चढायला ७४ लॉक्स (बोट वर-खाली करणारे, दरवाजे लावलेले हौद) लागले. सिंचनाच्या कालव्याचं पाणी उतारानं आपलं आपण चालत जायला हवं, म्हणून तो डोंगराच्या कडेकडेनं वळणं घेत जातो. रस्त्यानं जवळ असलेली दोन गावं कॅनॉलनं चांगलीच लांब पडतात. वळणं मोजू नका, ऊस बघत जा.

तुम्ही ज्याला ग्रॅव्हल म्हणता, तो आपला मुरूम. मधे मधे काळी माती. ती पावसाळ्यात मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरत नाही, पण डिसेंबरात ती फुटाण्यासारखी कोरडी असते. मुरमापेक्षा भीती सराट्याची. मेरीलँडमध्ये हा प्रकार सहसा भेटत नाही. जमिनीसरशी पसरणारी नाजूक वेल, पिवळं फूल, इतकी गरीब की पायाखाली येईपर्यंत कळत नाही. फळाला चारही दिशांनी काटे. कसाही पडो, एक वर असतोच. मागच्या पौषात उसाच्या ट्रॉलीला वाट द्यायला मी सायकल खाली गवतात घातली, इतकंच. मागच्या टायरातून नऊ सराटे उपटले. आठव्यापर्यंत हवा तशीच होती, नववा उपटला आणि फुस्स. तिथं धुणं धूत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "तो राहू द्यायचा ना, भाऊ." आजवर ऐकलेला सर्वांत उत्तम सायकल-सल्ला.


प्रेषक: गेथर्सबर्गच्या काकू

काका, तुमचं वर्णन वाचून मीही निघाले असते, पण एक सांगते. माझं माहेर दांडेकर पुलाजवळ. २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीपाशी हाच भराव फुटला. भावाच्या घरात कमरेएवढं पाणी. सकाळची वेळ, भांडी पाण्यात तरंगत होती. आईच्या लग्नातला पितळी हंडा दोन गल्ल्या सोडून मिळाला. त्याला पोचा पडलाय, पण तो आता आम्ही ठोकून घेत नाही. तेव्हा "वाट आपली नाही" हे तुमचं वाक्य ठळक करून सगळ्यांना पाठवा. भावाला विचाराल तर तो म्हणेल, त्या भरावावरून सायकलीसुद्धा नकोत.


प्रेषक: कोथरूडकाका

काकू, तुमच्या भावाचं म्हणणं मान्य. शहरातला भाग सोडा म्हणालो ते सोयीसाठी नव्हतं, खरं कारण हेच होतं, मी गुळमुळीत लिहिलं.

तेव्हा दोष कुणाला दिला आठवतंय? उंदीर, घुशी आणि खेकडे. पुणं महिनाभर हसत होतं. नंतर मला कळलं की सी अँड ओवर बोटी होत्या तेव्हाही हेच दुखणं होतं. मस्करॅट नावाचा पाण्यातला उंदीर भरावात बिळं करायचा आणि पाणी त्यातून वाट काढायचं. कंपनी मारलेल्या मस्करॅटमागे बक्षीस देत असे. म्हणजे बिळांचं कारण खोटं नाही. फरक इतकाच की तिथं बिळं बुजवायला माणूस नेमलेला असे.


प्रेषक: जर्मनटाउनची

काकू, हंड्याचं वाचून थांबलेच. पुण्यात आल्यावर तुमच्या भावाकडे एकदा जाऊन येईन, सायकल बाजूला ठेवून.

काका, आम्ही येतोय, उरुळीपासूनच. तीन प्रश्न. पाण्याचं काय? टोपाथवर दर काही मैलांवर मुक्कामाची मोकळी जागा, हातपंप आणि संडास असतो, त्याची सवय झाली आहे. दुसरं, सायकली उरुळीपर्यंत न्यायच्या कशा? तिसरं, नवरा विचारतोय, बिबट्या खरंच असतो का? तो सोफ्याकडे बघत विचारतोय.


प्रेषक: कोथरूडकाका

पाणी घरून घ्यायचं, कॅनॉलचं तोंडात घालायचं नाही. संडास नाही, मुक्काम नाही. त्याऐवजी गुऱ्हाळं आहेत. यवतच्या बाजूला थंडीत कायलीखाली चुलाण पेटलेलं असतं. ताजा गरम काकवीचा पळीभर घोट आणि वर शेंगदाणे दिले की नवरा पुढचे दहा किलोमीटर न कुरकुरता करतो, स्वानुभव आहे. उरुळीला निसर्गोपचार आश्रम आहे, गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला. तिथं उपवास घडतो, म्हणून आपण त्याच्या बाजूने जायचं नाही.

सायकलींसाठी माझ्या मित्राचा छोटा टेम्पो आहे. पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघू, उजाडता उजाडता उरुळीत. तुम्ही अमेरिकेतून सायकली आणू नका. माझ्याकडे दोन आहेत, तिसरी भाड्यानं बघतो.

बिबट्या असतो. जिल्ह्यात ऊस आहे तिथं तो दिसल्याच्या बातम्या येतात. म्हणून मी संध्याकाळी जात नाही आणि उसाला अगदी खेटून थांबत नाही. सकाळी आठनंतर तिथं इतकी माणसं आणि गुरं असतात की तोच लाजून झोपत असेल. कुत्री मात्र लाजत नाहीत. कुत्रं मागं लागलं तर उतरायचं, सायकल मधे धरायची आणि "हाड" म्हणायचं, मराठीतच.

अजून एक. आवर्तन सुटलं असेल तर कडेला पाय सोडून बसायचं नाही. अस्तर केलेल्या भागात काठ घसरडे, पडलेल्या माणसाला वर यायला आधार नसतो. मी नेहमीच्या पाटकऱ्याला आदल्या दिवशी फोन करून विचारतो. तोच सांगतो, "या काका, उद्या कॅनॉल कोरडाय, तळातले मासे बघायला मिळतील."


प्रेषक: फ्रेडरिकचा

काका, तिसरी भाड्याची बघताय ना, चौथीही बघा. मी २० तारखेला पोचतो. सोफा आमच्याकडेही आहे.


प्रेषक: अध्यक्ष

धागा वाचला, आवडला. फराळाची नोंदणी रविवारी बंद. गेथर्सबर्गच्या काकूंनी भाजणी दिली आहे, त्यामुळे चकली भाजणीचीच होईल.


प्रेषक: कोथरूडकाका

चौथी मिळाली, जुनी आहे, गिअर तीनच. फ्रेडरिककर, टायरातला शेवटचा सराटा उपटायचा नाही.