इस्राएल आणि मंडळी: देवाच्या योजना दोन की एकच?

प्रश्न:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या मंडळीत शिकवतात की इस्राएल (यहुदी लोक) वेगळं, मंडळी (सगळे ख्रिस्ती विश्वासणारे) वेगळी, आधी मंडळी वर स्वर्गात उचलली जाणार मग सात वर्षांचं मोठं संकट, त्यात इस्राएल प्रभूकडे वळणार आणि मग हजार वर्षांचं राज्य. पण दुसऱ्या एका पाळकांच्या बायबल स्टडीला गेलो तर ते म्हणाले मंडळी हेच आता खरं इस्राएल, विषय संपला. मग रोमकरांस 11:26 मध्ये सर्व इस्राएल तारलं जाईल असं लिहिलंय त्याचं काय? शिवाय आईला सारखी धास्ती असते की सगळे उचलले गेले आणि आपण मागे राहिलो तर. तिला काय सांगू?

उत्तर 1:
भाऊ, मंडळीत शिकवतात त्याला डिस्पेन्सेशनॅलिझम म्हणतात आणि मी तेच मानतो. पाया दानीएल 9 मधली सत्तर सप्तकं, म्हणजे सात-सात वर्षांचे सत्तर गट. 69 मसीहापर्यंत म्हणजे येशूपर्यंत संपली, मध्ये मंडळीचा काळ, शेवटचं सप्तक म्हणजे ती सात वर्षं अजून बाकी. यिर्मया 31 वाचा, सूर्यचंद्राचे नियम टळले तरच इस्राएल राष्ट्र म्हणून नाहीसं होईल असं देव म्हणतो. 1948 ला ते राष्ट्र परत उभं राहिलं हे मला उगाच झालेलं वाटत नाही.

उत्तर 2:
मीही यातच वाढले पण आता वेगळं वाटतं. हजार वर्षांच्या राज्याची आशा जुनीच आहे, दुसऱ्या शतकात जस्टिन आणि आयरेनियस हे मंडळीचे सुरुवातीचे शिक्षकही ती धरून होते, पण संकटाआधी मंडळी गुपचूप उचलली जाणार ही मांडणी पसरली ती 1830 च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकापासून, आणि 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमुळे घरोघरी गेली.
पण "मंडळी हेच इस्राएल, विषय संपला" हेही मला पटत नाही. रोम 11 मधलं जैतुनाचं झाड बघा ना. झाड एकच, मूळ एकच, काही फांद्या (विश्वास न ठेवणारे यहुदी) तोडल्या, आपण परराष्ट्रीय म्हणजे रानटी जैतून, आपल्याला कलम केलं, आणि हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल लगेच बजावतो की त्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नको, देव त्यांना परत कलम करू शकतो. म्हणजे झाडं दोन नाहीत आणि जुनं झाड उपटून नवीनही लावलेलं नाही. मंडळीने हा इशारा विसरून यहुद्यांना शतकानुशतकं छळलं, हे वाचताना मला खरंच रडू येतं.
आईंना 1 थेस्सलनीका 4 वाचून दाखवा. तिथे प्रभूला "सामोरं" जायचं आहे, मूळ ग्रीक शब्द प्रेषितांची कृत्ये 28:15 मध्येही आहे, रोमचे बंधू पौलाला घ्यायला शहराबाहेर आले तिथे. वेशीवर सामोरं जाऊन पाहुण्याला घरी आणतात तसं. आणि तो भाग पौलाने लिहिला तोच मुळी एकमेकांचं सांत्वन करा म्हणून, कोणाला घाबरवायला नाही.

उत्तर 3:
ताईंशी सहमत. फक्त 1948 बद्दल जपून, शिष्यांनी इस्राएलचं राज्य कधी परत देणार विचारलं तर प्रभू म्हणाले काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही (कृत्ये 1:7). आणि त्याच भूमीत पॅलेस्टिनी ख्रिस्ती भाऊबहिणी पण राहतात, भविष्यवाणीच्या हिशोबात त्यांना कोणी धरतच नाही.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद सगळ्यांना. रात्री आईसोबत थेस्सलनीका वाचतो. रोम 9 ते 11 सलग वाचलंच नव्हतं कधी, फक्त एक वचन धरून बसलो होतो.