मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे की नाही?

प्रश्न:
संख्या २^३२ + १, म्हणजे ४२९४९६७२९७. पायथनमध्ये फर्माची कसोटी लावली. २ चा ४२९४९६७२९६ वा घात घेऊन या संख्येने भागलं की बाकी १ येते, म्हणजे मूळ वाटते. पण २ च्या जागी ३ घेतला की बाकी ३०२९०२६१६०. खरं कुठलं? सी मध्ये २ पासून ६५५३६ पर्यंत प्रत्येक आकड्याने भागूनही पाहिलं, दर वेळी बाकी १. व्हेरिएबल अनसाइन्ड इंट (३२ बिटांचा, ऋण नसलेला पूर्णांक) आहे.

प्रतिसाद १:
३ चं खरं. बाकी १ आली नाही की संख्या संयुक्त, यात शंका नाही. १ आली तर मात्र नुसती शक्यता. आणि इथे २ कडून काहीच कळत नाही: २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची १, आणि ४२९४९६७२९६ ला ६४ ने पूर्ण भाग जातो. मग १ येणारच. २^(२^न) + १ या रूपाची प्रत्येक संख्या २ च्या कसोटीत पास होते, मूळ असो वा नसो.

प्रतिसाद २:
सी मधली गडबड वेगळी. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४२९४९६७२९५ मावतो. तुमची संख्या त्याहून २ ने मोठी, म्हणून ती साठवतानाच १ झाली. दर वेळी बाकी १ येते ती त्यामुळे. अनसाइन्ड लाँग लाँग (६४ बिटांचा) घ्या, भागाकार नीट होतील. फर्माची कसोटी मात्र त्यातही लिहू नका: मधे २^३२ ही बाकी येते, तिचा वर्ग २^६४, तो ६४ बिटांत अगदी १ ने मावत नाही आणि ० होतो. पायथनच बरं.

शिवाय ६५५३६ पर्यंत जायची गरजच नाही. या संख्येचा मूळ विभाजक १२८क + १ याच रूपाचा असतो. १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत, म्हणून गळाले. २५७ ने भाग जात नाही. पुढचा ६४१, आणि तिथेच काम होतं: ६४१ × ६७००४१७. ऑयलरने १७३२ मध्ये हेच अवयव काढले होते.

प्रश्नकर्ता:
लाँग लाँग केल्यावर ६४१ ला बाकी ० आली. पण ६७००४१७ मूळ आहे हे कसं ठरवायचं?

प्रतिसाद २:
तोच नियम, कारण ६७००४१७ चा प्रत्येक विभाजक ४२९४९६७२९७ चाही विभाजक असतो. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे. तिथपर्यंत या रूपातले मूळ आकडे २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढेच. २५७ आधीच बाद. उरलेल्या चौघांच्या बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२. मूळ आहे.

प्रतिसाद ३:
आणखी एक गोष्ट हाताने करून बघाच, फार सुंदर आहे. ६४१ = २५² + ४², ६७००४१७ = २५५६² + ४०९². आता २५ × २५५६ = ६३९०० आणि ४ × ४०९ = १६३६; २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४. पहिल्या जोडीची बेरीज ६५५३६, दुसरीची वजाबाकी १, म्हणजे ६५५३६² + १², आपली सुरुवातीची २^३२ + १ ही मांडणी. उलट करा, पहिलीची वजाबाकी आणि दुसरीची बेरीज: ६२२६४² + २०४४९². उत्तर पुन्हा ४२९४९६७२९७. मूळ संख्येची दोन वर्गांत मांडणी झालीच तर एकाच प्रकारे होते, त्यामुळे ही दुसरी मांडणी मिळाली तेव्हाच संख्या संयुक्त ठरली.