पायात घुटमळणारं पोर आणि पोर्ट्रेट फोटोग्राफी: कसं जमवता?

दुपारची_खिडकी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या. माझा लेक बावीस महिन्यांचा आहे, म्हणजे पळतो, चढतो आणि हाताला लागेल ते आधी तोंडात नि मग कमोडमध्ये. लग्नाआधी मी बऱ्यापैकी फोटो काढायचे, मग नोकरी, मग बाळंतपण, कॅमेरा गेला माळ्यावर. यंदा दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला आणि सहज म्हणून सासूबाईंचा एक फोटो काढला, त्या मेथी निवडत बसल्या होत्या, खिडकीतून उजेड येत होता, बाकी काही नाही, पण तो फोटो बघून मला काय झालं माहीत नाही, रात्री सगळे झोपल्यावर चार वेळा उठून बघितला. दिवसभरात मी केलेलं बाकी सगळं (पोळ्या, धुणं, ऑफिसची एक्सेल) संध्याकाळपर्यंत संपतं तरी किंवा परत मळतं तरी. हा तसाच राहिला.

आता अडचण. ज्याला त्याला वाटतं मुलाचे काढ की. काढते हो, मोबाइलमध्ये चारेक हजार आहेत. पण मला मोठ्या माणसांचे चेहरे काढायचेत. सासूबाई, खालचे वॉचमनकाका, भाजीवाल्या मावशी, सांगलीला माझी आजी आहे ती. त्याला निवांतपणा लागतो ना, समोरचा माणूस कॅमेरा विसरेपर्यंत थांबावं लागतं, आणि इथे तिसऱ्या फोटोला पायाला मिठी, "मना दे, मना दे", लेन्सवर बोटं आणि बोटांना केळं. दुपारची झोप जेमतेम चाळीस मिनिटं, त्यात भांडी की फोटो? शनिवारी नवरा सांभाळतो पण शनिवारी नेमके पाहुणे.

सामान: जुना क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली झूमची किट लेन्स आणि एक ५० एमएम एफ १.८ (बिनझूमची, जास्त उजेड आत घेणारी). पुण्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, हॉलची खिडकी पूर्वेला. तुम्ही कसं जमवता? आणि घर टाकून नसते उद्योग करतोय असं वाटतं त्याचं काय करता?

शटरबहाद्दर:

५० एमएम आहे म्हणजे नवीन काहीही घेऊ नका, कुणी कितीही भरीला घातलं तरी. पण आधी एक काम करा. कॅमेरा माळ्यावर किती पावसाळे होता? लेन्सच्या आतून मोबाइलचा टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, मग साफ करणाऱ्याकडे न्यावी लागेल. नसेल तर इथून पुढे हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायचा, आणि तो डबा पोराच्या हाताला लागणार नाही असा.

आता उजेड. खिडकी पूर्वेला म्हणजे सकाळी थेट ऊन, डोळे बारीक होतात, नाकाची सावली गालावर. दुपारी मात्र ऊन डोक्यावरून पलीकडे गेलेलं असतं आणि नुसता आकाशाचा मऊ उजेड येतो. म्हणजे तुमच्या पोराची झोप आणि तुमच्या खिडकीचा उजेड एकाच वेळी आहेत, नशीबवान आहात, माझी खिडकी पश्चिमेला आहे आणि मी दुपारी ऑफिसात. सकाळीच काढायचा झाला तर आजोबांचं जुनं धोतर पडद्यासारखं लावा, त्याच्यासारखा डिफ्युझर (उजेड मऊ करणारा पडदा) बाजारात मिळत नाही. ट्यूब बंद. नाहीतर अर्धा चेहरा एका रंगाचा अर्धा दुसऱ्या. खिडकीच्या उलट्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उभा करा, सावलीतला गाल उजळतो.

सेटिंग: एफ १.८ चा मोह टाळा (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी, आणि फोकसची जागा तितकी कमी), एवढ्या जवळून एक डोळा शार्प येतो आणि दुसरा जातो, २.८ ते ४ मध्ये ठेवा. शटर बसलेल्या माणसाला १/१२५ सेकंद पुरतं, पण तुमचा घुसखोर फ्रेममध्ये येणार हे धरूनच १/२५०, आणि तो पळत असेल तर १/५००. ऑटो आयएसओ (उजेड कमी पडला की कॅमेरा आपणहून सेन्सरची संवेदनशीलता वाढवतो ते) ३२०० पर्यंत जाऊ दे. दाणे दिसले तर चालतं, चेहरा हललेला चालत नाही. क्रॉप सेन्सरवर ५० एमएम साधारण ७५-८० सारखी दिसते, म्हणजे माणूस जवळ आल्यासारखा, चेहऱ्याला मस्त, पण मेथी निवडणारे हात पण हवे असतील तर मागे सरकताना पाठ शोकेसला टेकेल, तेव्हा किट लेन्स ३५ एमएमवर, फ्रेममध्ये जास्त मावतं.

धांदरट_आई:

थर्माकोल नको!!! माझ्या मुलीने कोपरा खाल्ला होता, पुढचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाक, काम तेच होतं. आणि कॅमेऱ्याचा पट्टा टेबलावरून लोंबता ठेवू नकोस, माझा एक असाच गेला.

बाकी तुझ्या प्रश्नावर मला वेगळंच वाटतं. तू म्हणतेस माणूस कॅमेरा विसरेपर्यंत थांबायचं. अगं माझ्या आई समोर कॅमेरा धरला की पासपोर्टचा चेहरा करून बसतात, पदर सारखा, ओठ मिटलेले, अर्धा तास थांबलं तरी तेच. एकदा मुलगी झोपेतून लवकर उठली आणि रांगत येऊन माझ्या मागे उभी राहिली, आईंनी तिच्याकडे बघितलं आणि मी बटण दाबलं. तो आमच्याकडे फ्रेम करून लावलाय. फ्रेममध्ये मुलगी कुठेच नाही, पण त्या कुणाकडे बघतायत ते कळतं. तेव्हापासून मी तिला झोपवून काढतच नाही. मांडीशी बसवते, हातात मेथीच्या काड्या देते, पाच-सात फोटो होतात, संपलं. तुझं पोर मधे येत नाहीये, फक्त चुकीच्या बाजूला उभं राहतंय, त्याला तुझ्या बाजूला घे.

घर टाकून वगैरे: माझा नवरा रविवारी तीन तास क्रिकेट खेळतो. त्याने कधी धागा काढला नाही.

चहा_बिनसाखर:

एवढं सगळं करण्यापेक्षा मोबाइलने काढा की. पोर्ट्रेट मोड असतो, मागचं आपोआप धूसर होतं.

शटरबहाद्दर:

@चहा_बिनसाखर, असतो, आणि त्यात आजीच्या कानाशी सुटलेल्या बटा पण बॅकग्राउंड समजून पुसल्या जातात. आमच्या आजीचं अंबाड्यातलं फूल अर्धं गायब झालं होतं.

डब्लिनकर_ताई:

आमच्याकडे सासूबाई पण नाहीत आणि उजेड पण नाही. डिसेंबरात सूर्य पावणेनऊला येतो आणि सव्वाचारला जातो, त्यात ढग. पण ढगांचा उजेड चेहऱ्याला इतका छान असतो की तक्रार करवत नाही. मी आणि आमच्या गल्लीतली दुसरी एक आई (नाशिकची) अदलाबदल करतो. पार्कमध्ये पंधरा मिनिटं ती दोन्ही पोरं सांभाळते आणि मी तिथल्या एखाद्या आजोबांना विचारून फोटो काढते, मग पंधरा मिनिटं मी सांभाळते आणि ती पळते. ती फोटो काढत नाही, ती नुसती पळते. तुझ्या बिल्डिंगमध्ये अशी कुणी असेलच, शोध. विचारल्याशिवाय कुणाचा काढू नकोस आणि काढलास तर प्रिंट दे, ऑनलाइन टाकणार असशील तर ते पण वेगळं विचार. मावशींना इन्स्टा म्हणजे काय हे सांगून विचार, नुसतं "टाकू का" नाही.

जुनापुराणा:

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या फोटोग्राफर बाईंचा जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. पहिला कॅमेरा हातात आला तेव्हा वय ४८, मुलं मोठी झालेली, लेक-जावयानेच भेट दिला. इंग्लंडात वाइट बेटावर राहायच्या, तिथे कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि घरात काम करणाऱ्या मुलींना धरून आणून बसवायच्या. तेव्हा काही मिनिटं न हलता बसावं लागायचं. लोक तेव्हा नावं ठेवायचे की फोकस नाही बरोबर. आज ते पोर्ट्रेट म्युझियममध्ये आहेत. तेव्हा शार्पचा फार बाऊ करू नका, शटरबहाद्दर माफ करोत.

दुपारची_खिडकी:

जुनापुराणा, कोंबड्यांचं खुराडं खूप आवडलं, पण ४८ पर्यंत थांबायचं की काय मी? :)

सगळ्यांचे आभार, बुरशी नाहीये, बघितलं. धांदरट_आई तुझं ऐकून काल पोराला कडेवर घेऊनच खाली गेले, एका हातात तो, एका हातात कॅमेरा, मनगट अजून दुखतंय. भाजीवाल्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या थांब, आणि डोक्यावरचा पदर नीट केला, पासपोर्ट चेहरा, अगदी तू म्हणालीस तसा. मग याने त्यांच्या ढिगातला एक टोमॅटो उचलला आणि चावला. मावशी जे हसल्या! १/२५० होतं म्हणून वाचले. फोकस थोडा कानावर गेलाय पण राहू दे. आज प्रिंट दिली तर बराच वेळ नुसती बघत होत्या, म्हणाल्या "पुढचा दात पडलाय ते दिसतंय की गं", आणि मग घडी न करता वहीत ठेवली, हिशोबाची. टोमॅटोचे पैसे घेतले नाहीत.

सासूबाईंना आता रोज मेथी निवडायला बसवते असं घरात म्हणतायत. भांडी तशीच पडलीयेत, शनिवारी नवऱ्याला सांगितलंय.

फक्त लेन्सची कॅप सापडत नाहीये. कमोडमध्ये बघितलं, नाहीये.