पोलीस फील्ड ट्रेनरांसाठी समस्याधारित प्रशिक्षणवर्ग कसा आखावा?

व्हॅलीवासी

नमस्कार. मी कॅलिफोर्नियातील एका मध्यम आकाराच्या शहराच्या पोलीस खात्यात प्रशिक्षण समन्वयक आहे. मी स्वतः वर्दीतला अधिकारी नाही, हे आधीच सांगतो, कारण माझ्या अडचणीचा काही भाग त्यातूनच आलेला आहे.

आमच्याकडे अनेक वर्षे सॅन होजे पद्धत चालत आली. १९७२ मध्ये त्या शहरात आकाराला आलेल्या या पद्धतीत अकादमीतून बाहेर पडलेला नवा अधिकारी फील्ड ट्रेनरच्या गाडीत बसतो आणि पाळी संपताना ट्रेनर त्याच्या प्रत्येक कामगिरीला एक ते सात अशा मोजपट्टीवर गुण देतो. आता खात्याने रीनो पद्धतीकडे वळायचे ठरवले आहे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्याय खात्याच्या अनुदानातून नेवाडातील रीनो शहराच्या पोलिसांनी ती तयार करायला घेतली आणि पुढे आणखी पाच शहरांत तिची चाचणी झाली. तिच्यात रोजच्या गुणांऐवजी साप्ताहिक मार्गदर्शन अहवाल, नव्या अधिकाऱ्याने लिहायची रोजनिशी, त्याच्या हद्दीतील वस्तीचा अभ्यास आणि प्रत्येक टप्प्यात सोडवायची एक गुंतागुंतीची समस्या असते. साधारण १५ आठवड्यांचा हा कार्यक्रम नव्या अधिकाऱ्यांसाठी कसा चालवायचा, हे मला वाचून समजले आहे. तो चालवणारे ट्रेनर कसे घडवायचे, ते मात्र समजलेले नाही.

पहिल्या तुकडीत १६ ट्रेनर आहेत आणि माझ्या हाती पाच दिवस, म्हणजे ४० तास आहेत. मागच्या महिन्यात एक दिवसाचा प्रयोग करून पाहिला. एका दुकानासमोर रात्री मुले जमतात आणि शेजारी वारंवार तक्रार करतात, अशी समस्या मी त्यांच्यापुढे ठेवली. वीस मिनिटांत दोन ज्येष्ठ ट्रेनरांनी दुकानमालकाकडून मनाईपत्र, म्हणजे त्या जागेत थांबायला मनाई करणारे पत्र, घ्यायचे आणि गस्त वाढवायची, असे उत्तर दिले. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि पुढे काय करावे ते मला सुचेना. उरलेला दिवस मी स्लाइड दाखवून भरून काढला, याची खंत अजून आहे.

समस्या कशी लिहावी, वर्ग कोणी चालवावा आणि गस्तीचे वेळापत्रक सांभाळून १६ माणसे पाच दिवस मोकळी कशी करावीत, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया लिहावे.

मैलाचादगड

मी दुसऱ्या एका राज्यात रीनो पद्धतीने चालणाऱ्या खात्यात आठ वर्षे ट्रेनर होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी, समस्याधारित पद्धत समजावून सांगणारे व्याख्यान वर्गातून काढून टाका. आमच्या प्रशिक्षणात आम्हाला सोमवारी सकाळी, ओळखपाळख होण्याच्याही आधी, एक समस्या देण्यात आली आणि पाच-सहा जणांच्या गटांत बसवण्यात आले. पद्धतीच्या पायऱ्या ठाऊक असाव्यात म्हणून सांगतो: आधी मनात येतील त्या कल्पना, मग ज्ञात बाबी, मग शिकण्याचे मुद्दे, म्हणजे हा प्रश्न सोडवण्यासाठी आपल्याला जे माहीत असायला हवे पण माहीत नाही ते, त्यानंतर कृती आराखडा आणि शेवटी मूल्यमापन. मात्र आम्हाला हे आधी कोणी सांगितले नव्हते. अर्धा तास आम्ही नुसते भांडलो आणि त्यानंतर फळ्यावर रकाने आखले गेले, तेव्हा प्रत्येक रकाना कशासाठी आहे हे आम्हाला आपोआप कळले. ज्या ट्रेनरने स्वतः अडकून पाहिलेले नाही, त्याला गाडीत शेजारी बसलेला नवा अधिकारी अडकलेला बघवत नाही आणि तो चटकन उत्तर देऊन मोकळा होतो.

आता आपल्या दुकानाच्या समस्येबद्दल. ती वीस मिनिटांत संपली, यात ट्रेनरांचा दोष नाही. एका कृतीने सुटेल अशी समस्या असली की अनुभवी माणूस ती सोडवणारच. तिच्यात माणसे आणि हितसंबंध आणा. दुकानदार रात्री उशिरा अल्पवयीन मुलांना बिअर विकतो अशी कुजबुज आहे. तक्रार करणाऱ्या बाईंचा स्वतःचा मुलगा त्याच घोळक्यात असतो. जागा दुकानदाराची नसून एका दूरच्या मालकाची आहे. नगर परिषदेच्या सदस्याने पोलीस प्रमुखांना फोन केलेला आहे आणि त्याच घोळक्यातील एका मुलाच्या आईने गेल्या आठवड्यात एका अधिकाऱ्याच्या वागणुकीविरुद्ध तक्रार दिली आहे. आता मनाईपत्र कोणाकडून घेणार? मद्यपरवान्याची चौकशी राज्याच्या खात्याकडे कशी पाठवायची? शहरात अल्पवयीनांसाठी रात्रीची संचारबंदी आहे का आणि तिला कोणते अपवाद आहेत? हे प्रश्न फळ्यावर आले की ज्येष्ठ ट्रेनरसुद्धा शिकण्याच्या मुद्द्यांच्या रकान्यात लिहू लागतात. मंगळवारी दुपारी गटांना खोलीत बसवून ठेवू नका. त्यांना खऱ्या जागी, खऱ्या कार्यालयांत पाठवा आणि गुरुवारी त्यांचे सादरीकरण ठेवा.

दुसरी समस्या नव्या अधिकाऱ्याविषयी असावी, आणि माझ्या मते वर्गाचा प्राण तीच आहे. उदाहरणार्थ, एका नव्या अधिकाऱ्याचे अहवाल उत्कृष्ट आहेत, पण समोरच्याने आवाज चढवला की तो गोठून जातो. आपण सहाव्या आठवड्यात आहात आणि मध्यावधी मूल्यमापन जवळ आले आहे. याच समस्येवर साप्ताहिक मार्गदर्शन अहवाल लिहून घ्या. सॅन होजे पद्धतीत वाढलेल्या ट्रेनरचा हात सवयीने आकड्याकडे जातो. ‘४’ लिहिण्याऐवजी काय दिसले, नव्या अधिकाऱ्याला त्याबद्दल काय वाटले आणि पुढच्या आठवड्यात तो काय करून पाहणार आहे, हे तीन वाक्यांत लिहायला आमच्या तुकडीला दोन दिवस लागले होते.

एक सावधगिरी. जिवाला धोका असेल, शस्त्र दिसले असेल, पाठलाग सुरू असेल, तेव्हा ट्रेनरने प्रश्न विचारत बसायचे नाही. सरळ आज्ञा द्यायची किंवा सूत्रे हाती घ्यायची आणि चर्चा नंतर, गाडी सुरक्षित जागी उभी करून करायची. ही सीमारेषा वर्गात पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. ती न केल्यामुळे ही पद्धत मवाळ आहे असा समज पसरतो आणि चांगले ट्रेनर तिच्यापासून दुरावतात. तसेच रीनो पद्धतीत मध्यावधी आणि अंतिम मूल्यमापन रोजचा ट्रेनर करत नाही, त्यासाठी वेगळा मूल्यमापक असतो. आपल्या १६ जणांपैकी तीन-चार जण त्या कामासाठी आत्ताच निवडून ठेवा.

सेवाव्रती

मी पोलीस क्षेत्रातील नाही. महाराष्ट्रातील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते आणि नव्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग घेते. तरीही लिहावेसे वाटले, कारण ही समस्याधारित पद्धत मुळात आमच्या वैद्यकीय शिक्षणातली आहे. १९६९ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत तिची सुरुवात झाली.

आपल्या एक दिवसाच्या प्रयोगाचे वर्णन वाचताना मला आमचा पहिला वर्ग आठवला. विषयातील तज्ज्ञ माणूस गटाचा मार्गदर्शक झाला की त्याला गप्प बसणे जमत नाही. त्याला उत्तर ठाऊक असते, विद्यार्थी चुकीच्या वाटेने निघालेले दिसतात आणि त्याच्या दृष्टीने बोलणे हेच प्रामाणिकपणाचे असते. आम्ही यावर एक साधा उपाय केला. प्रत्येक गटात एक निरीक्षक बसवला आणि मार्गदर्शकाने किती वेळा सांगितले व किती वेळा विचारले, एवढीच नोंद त्याला ठेवायला सांगितली. माझ्या पहिल्या तासिकेत मी एकवीस वेळा सांगितले होते आणि चार वेळा विचारले होते. तो कागद पाहिल्यावर मला वेगळे काही समजावण्याची गरज उरली नाही. आपल्या ट्रेनरांना आळीपाळीने मार्गदर्शक आणि निरीक्षक करा. चौथ्या दिवसापर्यंत प्रत्येकाच्या हाती स्वतःविषयीचा असा एक कागद असला पाहिजे.

आपण वर्दीत नसल्याची अडचण वाटते असे लिहिले आहे. मला ती अडचण वाटत नाही. आपल्याला पोलिसी उत्तर माहीत नाही, म्हणून आपण विचारलेला प्रश्न खरा असतो. मात्र आपल्या जोडीला एक अनुभवी, सर्वांना आदर वाटेल असा ट्रेनर घ्या, म्हणजे माहिती चुकत असेल तिथे तो थांबवू शकेल.

निवृत्त अंमलदार

नमस्कार. महाराष्ट्र पोलीस दलात तीस वर्षांहून अधिक नोकरी झाली आणि त्यांतील काही वर्षे प्रशिक्षण केंद्रात गेली. आपल्या खात्याची रचना वेगळी आहे, म्हणून इथला एकच अनुभव मांडतो.

आमच्याकडे नवा शिपाई जुन्या हवालदाराबरोबर फिरून शिकतो आणि परिविक्षाधीन उपनिरीक्षकाला ठाणे अंमलदाराचे काम, बीट, तपास असे फिरवले जाते. शिकवण्याची पद्धत बहुतेक वेळा ‘मी करतो, तू बघ’ अशी असते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या, तेव्हा या पद्धतीची मर्यादा मला स्वच्छ दिसली. मी तोपर्यंत निवृत्त झालो होतो, पण जुने सहकारी भेटायचे. ज्या हवालदाराला शेकडो कलमे तोंडपाठ होती, तो आणि कालचा शिपाई एकाच रात्रीत एका पायरीवर आले. आकस्मिक मृत्यूचे कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १७४ होते, ते नागरिक सुरक्षा संहितेत १९४ झाले. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण कलम १०५ नुसार बंधनकारक झाले. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद कलम १७६ मध्ये आली. अशा वेळी ज्याला ‘मला माहीत नाही, चल आपण शोधू’ असे कनिष्ठासमोर म्हणता आले, त्याचा शिपाई लवकर तयार झाला. ज्याला ते कमीपणाचे वाटले, त्याने जुन्याच सवयीने पंचनामे करवले आणि नंतर न्यायालयात उत्तरे देण्याची वेळ त्या पोरावर आली.

म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या वर्गातील निदान एक समस्या अशी निवडा, जिच्यातला कायदा गेल्या एक-दोन वर्षांत बदलला आहे आणि ज्येष्ठ ट्रेनरालाही पुस्तक उघडावे लागेल. ते पुस्तक त्याने सर्वांच्या देखत उघडू द्या.

मैलाचादगड

वेळापत्रकाचे राहून गेले होते. १६ जणांना एकाच आठवड्यात बाहेर काढू नका. आठ-आठच्या दोन तुकड्या करा, त्यांत वेगवेगळ्या पाळ्यांतील माणसे मिसळा आणि दोन्ही तुकड्यांत किमान तीन आठवड्यांचे अंतर ठेवा, म्हणजे पहिल्या वर्गातील चुका दुसऱ्यात सुधारता येतील. सक्तीचे प्रशिक्षण हे कामाचेच तास धरले जातात. संघीय कायद्यात पोलिसांसाठी २८ दिवसांच्या कालखंडात १७१ तासांनंतर जादा मोबदला लागू होऊ शकतो, पण आपल्या संघटनेशी झालेला करार बहुधा त्याहून कडक असेल, तेव्हा तो आधी वाचा. राज्याच्या पोस्ट आयोगाकडून, म्हणजे पोलिसांची मानके आणि प्रशिक्षण ठरवणाऱ्या आयोगाकडून, कार्यक्रमाची मान्यता घेण्याचे काम वर्गाच्या तारखा ठरवण्यापूर्वी सुरू करा. प्रत्येक गटाला स्वतंत्र फळा, इंटरनेट असलेला संगणक आणि भिंतीवर कागद चिकटवायची परवानगी, एवढे साहित्य पुरते.

व्हॅलीवासी

सर्वांचे मनापासून आभार. आठ-आठच्या दोन तुकड्यांचा प्रस्ताव आज कॅप्टनसाहेबांकडे दिला आणि पहिल्या तुकडीसाठी पंधरा वर्षे गस्तीवर असलेल्या एका ट्रेनरबाईंना सहमार्गदर्शक होण्याची विनंती केली. त्यांनी होकार देताना एक अट घातली. मागच्या महिन्यात वीस मिनिटांत उत्तर देणाऱ्या दोघांपैकी एक त्याच होत्या, आणि तीच दुकानाची समस्या मैलाचादगड यांनी सुचवलेल्या रूपात पुन्हा लिहून आधी त्यांना एकटीला द्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. शनिवारी त्या आणि मी त्या समस्येवर बसणार आहोत. सेवाव्रती यांनी सांगितलेला नोंदीचा कागद मी स्वतःसाठीही ठेवणार आहे.

निवृत्त अंमलदार यांच्या सूचनेवरून एक शंका मात्र उरते. बदललेल्या कायद्यावरची समस्या पहिल्या दिवशी द्यावी, की गट एकमेकांना सरावल्यावर, तिसऱ्या दिवशी?

निवृत्त अंमलदार

तिसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी ज्येष्ठ माणूस ‘माहीत नाही’ म्हणणार नाही, आणि एकदा त्याने चुकीचे उत्तर ठामपणे दिले की आठवडाभर त्यालाच ते निभवावे लागेल.