मुलगी एकदम सगळेच उपास करायला लागलीये, डाएटिंग असेल का?

गोदाकाठची:
मुलगी 15 वर्षांची, यंदा दहावी. दिवाळीनंतर आधी संकष्टी धरली, मग गुरुवार, मग सोमवार पण. आणि उपास म्हणजे आपल्यासारखा खिचडी-भगर नाही हं, नुसतं लिंबूपाणी आणि फार तर अर्धं सफरचंद. सासूबाई खूश, नात किती देवाचं करते म्हणून अख्ख्या सोसायटीत सांगून झालं. पण उपास नसतो तेव्हाही पोळी अर्धीच, भात बंद, तूप दिसलं की चिडचिड, डबा रिकामा येतो पण मैत्रिणीकडून कळलं की वाटून टाकते. सारखी वजनकाट्यावर. केस गळतायत आणि दोन महिने पाळी नाही. घरचे म्हणतात दहावीचं टेन्शन. विचारलं की "उपास आहे माझा" म्हणून दार लावून घेते, आता उपास मोड असं कोणत्या तोंडाने सांगू?

बालरोगवाली:
टेन्शनने पाळी मागेपुढे होते, पण खाणं इतकं कमी आणि पाळी बंद हे दोन्ही एकत्र असेल तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. पोटात पुरेसं जात नाही म्हटल्यावर शरीर आधी पाळी बंद करतं, आणि हाडं भरायचं वय नेमकं हेच. आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) 2020 च्या तक्त्यात 13 ते 15 च्या मुलीला दिवसाला साधारण 2400 कॅलरी आहेत, बैठं काम करणाऱ्या बाईला 1660. म्हणजे तिला तुमच्यापेक्षा जास्त लागतं! नेटवरचे डाएट चार्ट मोठ्यांचे असतात, मोठ्यांचा बीएमआय (उंची-वजनाचा हिशोब) पण तिला लावू नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या, एनएफएचएस-5 या सरकारी आरोग्य पाहणीत 15 ते 19 च्या मुलींत 59 टक्के अॅनिमिक निघाल्या होत्या. चक्कर, हातपाय गार, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, असलं काही दिसलं तर त्याच दिवशी न्या. आणि घाबरून एकदम ताट भरून खायला घालू नका, बरेच दिवस उपाशी असलेल्याला ते झेपत नाही, डॉक्टर सांगतील तसं वाढवा.

अण्णा_सातारकर:
मोबाईल काढून घ्या आधी. रील्स बघून चाललंय सगळं. आमच्या बहिणी दोन भाकऱ्या खायच्या, असली थेरं नव्हती.

तिखटमीठ:
अण्णा, दहावीचे क्लासचे ग्रुप मोबाईलवरच असतात हो, काढून घेतला तर ती अजून एक वार धरेल 😅 रील्सचं खोटं नाही, 2021 मध्ये फेसबुकचेच आतले कागद बाहेर आले होते की आधीच शरीराबद्दल वाईट वाटणाऱ्या मुलींतल्या 32 टक्के म्हणाल्या इन्स्टाने अजून वाईट वाटतं. पण "अंगाने भरलीये हो" हे लग्नात मावश्या म्हणतात, ते कुठे रील्समध्ये असतं.

ताई, मी अकरावीत हेच केलंय, मार्गशीर्षातले गुरुवार धरून. उपासाला कोणी का म्हणून विचारतच नाही, उलट कौतुक. एक सांगते, "बघ हाडं दिसायला लागली" असं चुकूनही म्हणू नका, तुम्हाला वाटेल घाबरेल, मला ते शाबासकीसारखं वाटायचं. दिसण्यावर काहीच नको, चांगलं पण नको. केस गळणं, वर्गात डोकं न चालणं हे तिला स्वतःलाच जाणवत असतं, तिथून बोला.

मधलीसून:
सासूबाईंनाच हाताशी धरा. लेकराला, आजाऱ्याला उपास नसतो हे त्यांच्या तोंडून आलं तर वजन पडेल, तुम्ही बोललात की भांडणच होणार. आमच्याकडे आजीने सरळ सांगितलं, तुझे गुरुवार मी करते, तू जेव. तिला मग उपासाचं नाव पुढे करता येईना. अर्थात ही फक्त आडोसा काढायची युक्ती, डॉक्टरकडे जायचंच.

गोदाकाठची:
सासूबाईंना पाळीचं सांगितलं तेव्हा त्या पण हादरल्या, गुरुवार घेते म्हणाल्या. उद्याची अपॉइंटमेंट मिळालीये, शाळेचा चेकअप सांगून नेऊ का? आणि आत मी बसू की नको?

बालरोगवाली:
खोटं सांगून नेऊ नका, पुढच्या वेळी येणार नाही. पाळीसाठी जातोय सांगा, ते खरंच आहे. सुरुवातीला तुम्ही बसा, मग बाहेर जा, डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलतील. पाळीच्या तारखा आणि आधीची वजनं असतील तर लिहून न्या. काउन्सेलर मिळेपर्यंत टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416 वर फोन करता येतो, मराठीत बोलतात.