४० मिमी लोअर केलेली पोलो आणि १७ इंची मॅगव्हील: टायर घासेल का?

खालीगाडी_पुणे
२०१५ ची पोलो १.२ टीएसआय. चारही कोपऱ्यांना गाडी ४० मिमी खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग, डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) मूळचेच. चाकं कंपनीची १५ इंची, मागच्या बाजूला ६जे ईटी४० (रुंदी ६ इंच, ऑफसेट ४० मिमी) कोरलेलं आहे, टायर १८५/६० आर१५. दुकानदार १७×७.५जे ईटी३५ दाखवतोय, दहा भोकांचं (५×१०० आणि ५×११४.३), मधलं भोक ७३.१ मिमी. त्यावर २१५/४५ आर१७ 'आरामात बसतात' म्हणतो. मागच्या सीटवर बऱ्याचदा तीन जण असतात आणि पावसाळ्यात खड्डे तर आहेतच. फेंडरला हात न लावता जमेल, की १६ वर थांबू?

ऑफसेटमास्तर
बसतात म्हणजे उभ्या गाडीला बसतात. चालत्या गाडीचा हिशोब वेगळा.

ईटी म्हणजे ऑफसेट: रिमचा हबवर (चाक जिथे बोल्टने बसतं तो भाग) टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते. रिमची अर्धी रुंदी मिमीत काढा आणि त्यातून ईटी वजा करा, म्हणजे हबपासून बाहेर किती येतं ते कळतं. ईटी मिळवला की आत किती जातं ते. तुमचं सध्याचं ६जे ईटी४०: अर्धी रुंदी ७६, म्हणून बाहेर ३६, आत ११६ मिमी. ७.५जे ईटी३५: अर्धी रुंदी ९५, म्हणून बाहेर ६०, आत १३०. म्हणजे रिमची कड २४ मिमी बाहेर येणार आणि १४ मिमी आत स्ट्रटकडे (स्प्रिंग-डॅम्परचा पुढचा खांब) सरकणार.

त्यावर टायरचा व्यास. १८५/६० आर१५ भरतो ६०३ मिमी, २१५/४५ आर१७ भरतो ६२५. त्रिज्येत ११ मिमी वाढ. स्पीडोमीटरवर आज जो वेग दिसतो, तोच आकडा दिसताना गाडी पावणेचार टक्के जास्त वेगाने पळत असेल, ते वेगळंच.

बरेच जण इथे गफलत करतात. लोअरिंगमुळे चाक वर जाण्याची शेवटची हद्द बदलत नाही, ती बम्प स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणारा ठोकळा) ठरवतो. बदलतं ते एवढंच की गाडी त्या हद्दीपर्यंत वारंवार पोचते. आधी मोठ्या खड्ड्यातच घासलं असतं, ते आता प्रत्येक गतिरोधकावर. आणि कोणी 'राइड सुधारते' म्हणून बम्प स्टॉप कापले असतील तर वरचा कुठलाच हिशोब लागू नाही. आधी ते बघा.

माझं मत: १६×६.५जे ईटी४० आणि १९५/५० आर१६. व्यास ६०१, आत-बाहेर दोन्हीकडे फक्त ६ मिमी वाढ. ७जे ईटी४० असेल तर १३-१३. तेही चालावं, पण मागे मोजूनच. १७ चाच हट्ट असेल तर २१५/४० आर१७ व्यासात जुळतो (६०४), मात्र साइडवॉल ८६ मिमी उरते. आज ती १११ आहे. खड्ड्यात रिमची आतली कड वाकते ती इथेच.

पाना_नंबर_१७
मास्तरांशी सहमत. पण दुकानात हटकून चुकतं ते बोल्टचं.

पोलोचे मूळ बोल्ट एम१४×१.५, रिमवर टेकणारा भाग चेंडूसारखा गोल. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलची भोकं ६० अंशांची कोनिकल (शंकूसारखी). गोल बोल्ट कोनात घातला की तो एका बारीक रेषेवरच टेकतो. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि थोड्याच दिवसांत बोल्ट सैल पडतो. कोनिकल बोल्टचा नवा संच घ्याच, २० नग. जुने डिकीत ठेवा, स्टेपनीचं रिम कंपनीचं असेल तर तिला तेच लागणार.

लांबी: हाताने घातल्यावर निदान ८ पूर्ण फेरे बसले पाहिजेत. जास्त लांबही नको. पोलोला मागे ड्रम आहे. लांब बोल्ट आत जाऊन ब्रेकच्या भागांना लागतो. बोल्ट कसून झाल्यावर चाक हाताने फिरवा, खरखर आली तर काढा. ५ मिमीचा स्पेसर (हब आणि रिममधली चकती) टाकला तर बोल्टही ५ मिमी लांब लागतो, हे दुकानदाराला सांगावं लागतं ही शोकांतिका आहे.

मधलं भोक ७३.१, हब ५७.१. मधे ७३.१–५७.१ ची हब रिंग हवीच, नाहीतर चाक केंद्रात बसत नाही आणि बॅलन्सिंग कितीदाही केलं तरी स्टिअरिंग थरथरतं. कसायचं एक सोडून एक, चाक हवेत असताना हलकं, जमिनीवर टेकल्यावर १२० न्यूटन-मीटर. एअर गनने नाही. ५०-१०० किमीनंतर चाकं थंड असताना पुन्हा टॉर्क तपासा.

खालीगाडी_पुणे
बम्प स्टॉप शाबूत आहेत. १६ वर आलो. दुकानात ७जे ईटी४० च आहे. पैसे देण्याआधी नेमकं काय तपासू? आणि मागच्या फेंडरची आतली कड रोल करून (दुमडून) घ्यायची का?

अलाइनमेंटवाले_काका
एकाच रिमवर टायर चढवून मागा. नुसतं रिम लावून बघणं फुकट, कारण फुगतो तो टायर.

पुढे: स्ट्रट आणि टायर यांत निदान ५ मिमी मोकळं हवं. स्टिअरिंग दोन्हीकडे फुल लॉक करून ब्रेकची होज आणि लायनरची (चाकावरचं प्लास्टिकचं आतलं आवरण) मागची बाजू बघा. लायनर धरणारा स्क्रू कडेला खाली डोकावत असतो, टायर बहुतेक वेळा पहिला त्यालाच लागतो. तो बदलून चपट्या डोक्याचा टाकता येतो.

मागे: पोलोत मागची स्प्रिंग डॅम्परपासून वेगळी असते. गाडी स्टँडवर घेऊन स्प्रिंग काढा, डॅम्पर जोडलेलाच ठेवा आणि ॲक्सलखाली जॅक लावून बम्प स्टॉप दबेपर्यंत उचला. एकदा दोन्ही बाजू, एकदा एकच. वळणावर एकच बाजू दबते आणि बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा ॲक्सल) तिरका होतो, घासतं ते तेव्हा. एवढं शक्य नसेल तर टायरच्या खांद्यावर खडू फासा, मागे तीन जण बसवा आणि गतिरोधक तिरका ओलांडा. खडू पुसला गेला ती जागा अडचणीची.

रोलिंग शेवटी, आणि अंगठ्याएवढीही फट उरत नसेल तरच. हीट गनने पत्रा सगळीकडे सारखा तापवला नाही तर रंग तडकतो, आतलं सीलर फाटतं आणि दोन पावसाळ्यांत तिथेच गंज. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा ६.५जे शोधलेलं बरं. मागचा बीम असल्यामुळे तिथे कॅम्बर (चाकाचा उभा कल) शिम म्हणजे पातळ पट्टी टाकल्याशिवाय बदलत नाही. 'अलाइनमेंटमध्ये आत घेतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पुढचा टो (वरून बघता चाकांची आत-बाहेर दिशा) मात्र चाकं लावल्यावर नक्की करून घ्या, लोअरिंगने तो हललेला असतो. तसाच ठेवला तर टायरची आतली कड आधी झिजते.

टायरवर लोड इंडेक्स किमान ८४ (५०० किलो) बघून घ्या.

कागदपत्रवाला
एक रुक्ष मुद्दा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलंय. चाक फेंडरच्या बाहेर आलेली गाडी पोलिसांना लांबूनच दिसते. इन्शुरन्सवाल्यांना मॅगव्हील आणि लोअरिंग दोन्ही लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद.

खालीगाडी_पुणे
६.५जे बघतो. हब रिंग प्लास्टिकची चालेल?

पाना_नंबर_१७
मागे चालेल. पुढे डिस्क तापते, घाटात उतरताना तर जास्तच, तिथे ॲल्युमिनियमची घ्या. फक्त ॲल्युमिनियमची रिंग हबच्या लोखंडाला गंजून चिकटते, कोकणात तर एका पावसाळ्यात. हब ब्रशने घासून त्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. बोल्टच्या आट्यांना आणि बोल्ट जिथे रिमवर टेकतो तिथे मात्र ग्रीस अजिबात लागू देऊ नका, टॉर्क चुकतो.